उगले सुभेदारांचा खडू

उगले सुभेदारांच्या शर्टाचा डावा खिसा कायम पांढरा असायचा. निवृत्त फौजी माणसाच्या खिशात पेन असेल, चष्म्याचं घर असेल, गोळ्यांची पट्टी असेल. यांच्या खिशात खडू. मास्तरीण मी, आणि खडूची पूड यांच्या कपड्यांवर. आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही खडूनं हाय ते लिहिता. मी नाय ते लिहितो." मला वाटलं, म्हातारबुवांना वाक्यं फेकायची हौस दिसते. मी हसून विषय सोडून दिला.

ऐंशी पार केलेला, सिन्नरकडचा, काटक माणूस. कान मात्र तिखट. आमच्या उपनगरात सकाळी देवळालीच्या बाजूनं तोफांच्या सरावाचे आवाज येतात. नवीन भाडेकरू दचकतात, जुने चहा पीत राहतात. सुभेदार ओट्यावर बसून प्रत्येक आवाजाला एक बोट दुमडायचे. मधेच मान हलवून म्हणायचे, "एक आला नाय." कुठली तोफ, का आला नाही, ते त्यांनाही माहीत नसायचं. पण न आलेल्या आवाजाची त्यांना रुखरुख लागायची.

बोलण्याची तऱ्हाही तशीच. "कसं काय, बरं आहे ना?" असं त्यांनी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. ते विचारायचे, "काय कमी?" सासरी चाललेल्या पोरीला विचारायचे, दवाखान्यातून आलेल्या माणसाला विचारायचे. लोक सवयीनं म्हणायचे, "सगळं ठीक आहे, काका." मग ते डोळे बारीक करून पाहत राहायचे. त्यांच्या त्या नजरेसमोर माणूस दोन मिनिटांत कबूल व्हायचा की झोप नाही, भूक नाही, पोरगा फोन करत नाही.

कॉलनीतल्या पोरांना शाळेत जाताना त्यांच्या ओट्यापुढून जावं लागे. तिथं दप्तराची तपासणी. चादर अंथरलेली असायची, तिच्यावर वह्या, पुस्तकं, डबा, कंपास सगळं ओळीत मांडायचं. जे नसेल त्याच्या जागी सुभेदार चादरीबाहेर फरशीवर त्या वस्तूची आकृती खडूनं काढायचे. रबर नसलं तर छोटा चौकोन, पट्टी नसली तर लांबट. वस्तू आणली की पोरानं स्वतः पायानं आकृती पुसायची. पोरांना हा खेळ भारी आवडायचा. कमलकाकू, म्हणजे त्यांच्या बायको, वैतागायच्या. मला म्हणायच्या, "घरभर चौकोन काढून ठेवलेत हो. एवढ्या खडूत चार रांगोळ्या झाल्या असत्या."

एकदा सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरींनी अहवाल वाचला. सर्व काही सुरळीत, सभासदांचं सहकार्य, आभार. टाळ्या वाजायच्या आत सुभेदार उभे राहिले. "पाण्याच्या टाकीवर झाकण हाय का?" सेक्रेटरी म्हणाले, ऑर्डर दिली आहे. "हाय का?" सेक्रेटरी म्हणाले, काका, तसं म्हणजे येईलच. सुभेदार काठी टेकत जिना चढून गच्चीवर गेले आणि टाकीशेजारी झाकणाएवढं मोठं वर्तुळ काढून आले. गच्चीवर पापड वाळवायला जाणाऱ्या प्रत्येक बाईला ते वर्तुळ दिसायचं. आठ दिवसांत झाकण आलं. तेव्हापासून सेक्रेटरी त्यांना पाहिलं की पार्किंगच्या मागच्या बाजूनं जायचे.

ही खडूची खोड त्यांना कुठून लागली, ते त्यांनी आमच्या शाळेच्याच मैदानावर सांगितलं. पोरांना कवायत शिकवायला मी त्यांना बोलवायची. ते खुर्चीवर बसून हुकूम द्यायचे. मधल्या सुट्टीत एका पोरानं विचारलं, "आजोबा, तुम्ही लढाई जिंकलात का?" मी त्या पोरावर डोळे वटारले, पण सुभेदारांनी सरळ उत्तर दिलं.

"नाय. हरलो. चीनची लढाई. बासष्ट सालची. मी तवा वीस वर्षांचा होतो. लय वाईट हरलो."

मग त्यांनी सांगितलं. हरल्यावर फौज बदलायला लागली. नव्या रायफली आल्या, गरम कोट आले, बर्फातले बूट आले, डोंगरावर कसं राहायचं ते शिकवायला लागले. त्यांच्या कंपनीला एक नवे मेजर साहेब आले, बुटके आणि तापट. आल्या आल्या त्यांनी किट परेड लावली. किट परेड म्हणजे प्रत्येक जवानानं आपलं सगळं सामान जमिनीवर मांडून दाखवायचं. आणि फौजेतली जुनी रीत अशी की आपल्याकडे वस्तू नसली तर शेजारच्या तुकडीतून तेवढ्या वेळापुरती मागून आणायची, मांडायची, साहेब पुढे गेले की परत करायची. सगळे करायचे. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मेजर साहेबांनी परेडच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला एक खडू दिला आणि सांगितलं, जे नाही त्याच्या जागी आकृती काढा. मागून आणलेली वस्तू सापडली तर शिक्षा. रिकामी जागा सापडली तर शिक्षा नाही.

"दुसऱ्या दिवशी मैदानात निस्ते पांढरे चौकोन," सुभेदार पोरांना म्हणाले. "सामान थोडं, चौकोन जास्त. साहेब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. शेवटी उभे राहिले आणि बोलले, 'आज पहली बार मैंने अपनी कंपनी देखी.' त्या दिवशी फौज बदलली. बूट तर नंतर आले."

पुढे सुभेदार स्वतः प्रशिक्षण केंद्रात शिकवायला लागले आणि निवृत्तीपर्यंत हाताखालच्या प्रत्येक रिक्रुटाला त्यांनी खडू दिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता माझी गोष्ट सांगते. सांगायला जड जाते, पण सुभेदारांविषयी लिहायचं आणि ही वगळायची म्हणजे तर हद्दच झाली.

मी तेव्हा नुकतीच मुख्याध्यापिका झाले होते. शाळेची तपासणी लागली. आग विझवायची सहा लाल नळकांडी भिंतीवर हवी होती. भिंतीवर सहा हुक होते, नळकांडं एकही नाही. जुनी बाद झाली होती आणि नवीन आणायचं संस्थेत नुसतं बोलणं चाललं होतं. मी आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेला फोन केला. त्यांची तपासणी आधीच होऊन गेली होती. त्यांच्या मुख्याध्यापकांनी हसत हसत टेम्पो पाठवला. "मॅडम, आम्हीही तुमच्या जुन्यांवरच मागच्या वेळी निभावलं होतं," ते म्हणाले. मीही हसले. सहा नळकांडी टांगली. तपासणी झाली. "अग्निशमन साधने: सहा, सुस्थितीत" या ओळीखाली मी सही केली. दुपारी टेम्पो नळकांडी घेऊन गेला.

त्या दिवशी सुभेदार कवायतीला आले होते हे मी कामाच्या गडबडीत विसरले होते. सकाळी टेम्पोतून उतरणारं सामान त्यांनी पाहिलं, दुपारी चढणारंही पाहिलं. शाळा सुटल्यावर मी व्हरांड्यातून निघाले तर सहाही हुकांखाली खडूनं नळकांडं काढलेलं. नुसता चौकोन नाही; गोल खांदे, वर मूठ, बाजूला नळी. म्हाताऱ्या माणसानं काठी भिंतीला टेकवून एकेक व्यवस्थित काढलेलं.

मला राग आला. खरं सांगायचं तर नुसता राग आला, लाज नंतर आली. उद्या शिक्षक पाहतील, पालक पाहतील, कोणी संस्थेत सांगेल. मी वर्गातून डस्टर आणलं आणि सहाही आकृत्या पुसून टाकल्या. पुसल्या तरी भिंतीवर पांढुरके डाग राहिले, मग ओल्या फडक्यानं पुसलं. त्यानंतर मी सुभेदारांना शाळेत बोलावलं नाही. घराबाहेर पडताना ओट्याकडे पाहायचं टाळायला लागले. चार महिने आमचं बोलणं नव्हतं. कमलकाकू वाटीभर काही आणून द्यायच्या, ती वाटी मी मुलीच्या हाती परत पाठवायची.

मग एका रविवारी सकाळी सुभेदार स्वतः आले. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, मी माफी मागायला आलो."

माफी कोणी कोणाची मागायची, ते मला कळत होतं.

"तुमच्या भिंतीवर काढायचा मला अधिकार नव्हता," ते म्हणाले. "पोरांना सांगितलेली गोष्ट अर्धी होती. बाकीची अर्धी सांगतो. मग तुम्हीच बोला, अधिकार होता का नव्हता."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. बासष्ट साली वर डोंगरावर जायच्या आधी त्यांच्या कंपनीची तपासणी झाली होती. ते तेव्हा स्टोअरमध्ये हवालदाराच्या हाताखाली होते. बर्फातले बूट कंपनीला मिळालेच नव्हते. शेजारच्या कंपनीला मिळाले होते. हवालदारानं सांगितलं, मागून आण. वीस वर्षांच्या कारभारी उगल्यांनी ट्रकमधून बूट आणले, प्रत्येक जवानाच्या चादरीवर एकेक जोड मांडला, रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आणि दुपारी तेच बूट परत नेऊन दिले. कागदावर सगळ्यांच्या पायात बूट. कंपनी वर गेली ती साध्या कॅनव्हासच्या बुटांवर.

"यशवंता माझा दोस्त. सटाण्याकडचा. एकाच दिवशी भरती झालेलो," ते म्हणाले. "त्याचे पाय बर्फानं गेले. दोन्ही पायांची बोटं कापली."

लढाई हरल्यावर चौकशी करायला साहेब लोक आले. यशवंताच्या पायांचं काय झालं, ते विचारलं. रजिस्टर समोर उघडलं. बूट दिल्याची नोंद होती, खाली यशवंताची सही होती. साहेबांनी स्टोअरच्या पोराला विचारलं, बूट वाटले होते का?

"मी बोललो, 'जी साहब, बाँटे थे.'"

रजिस्टर खोटं आहे म्हटलं असतं तर हवालदार अडकला असता आणि तेही अडकले असते. ते वाचले. बूट असून घातले नाहीत, असा अर्थ निघाला. यशवंताला घरी पाठवलं तेव्हा त्याच्या कागदावर लिहिलं गेलं की जवानाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे इजा.

"मला मात्र भरवशाचा माणूस म्हणून शिकवायला घेतलं," सुभेदार म्हणाले. "मेजर साहेबांनी खडू दिला तवा मी बाकी समदे चौकोन काढले. हा एक काढला नाय. आयुष्यभर पोरांना शिकवलं, काय नाय ते सांगा. आणि मीच नाय सांगितलं. बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. मी सांगतो तसं लिहून द्या. यशवंता हाय अजून. मी चौकशी केली. त्याच्या हातात नेऊन द्यायचंय. पोस्टानं नाय."

मी लिहिलं. एक पान झालं. त्यांनी कुठलंही कारण घालू दिलं नाही. "मी लहान होतो" असं मी माझ्या मनानं घातलं होतं, ते खोडायला लावलं. खाली सही केली, पूर्ण नाव, फौजेतला नंबर.

पुढच्या रविवारी मी त्यांना गाडीतून घेऊन निघाले. पिंपळगाव, चांदवड, देवळा. वाटभर ते खिसा चाचपत होते, कागद आहे ना म्हणून. यशवंत अहिरे डाळिंबाच्या बागेच्या कडेला खाटेवर बसले होते. अंगानं खंगलेले, पण आवाज खणखणीत. पायात पुढून कापडानं भरलेले बूट. सुभेदार समोर जाऊन उभे राहिले. साठ वर्षांनी भेटणारी दोन माणसं मिठी मारतील, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"तू कारभारी ना?" यशवंतराव त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "इतला टाईम लागना तुले येवाले?"

सुभेदारांनी कागद पुढे केला. यशवंतरावांनी घेतला नाही. "माले ठाऊक शे," ते म्हणाले. "बूट तूच मांडेल व्हतात. मी तठेच उभा व्हतू. सही मनीच शे ना." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"मग तू का बोलला नाय?"

"काय बोलू? पलटणनं नाव जाई. आधीच हारेल व्हतूत." मग त्यांनी हातानं मागे खूण केली. "पोरले दे तो कागद. त्याले समजू दे. मी कधी सांगं नही."

मुलगा पन्नाशीपुढचा. हात पुसत बागेतून आला होता. त्यानं कागद उभ्यानंच वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं, तो सुभेदारांवर ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे, पाहुण्यांशी बोलायच्या शुद्ध भाषेत म्हणाला, "आमचा आज्जा मरेपर्यंत आबांशी बोलला नाही. गावातल्या पोरानं देश हरून यावं, ते एक वेळ चालेल म्हणायचा. पण सरकारनं बूट दिलेले असताना आळसानं पाय घालवून यावं, हे त्याला सहन झालं नाही. एका घरात राहून वीस वर्षं बोलला नाही. आबा त्याला पाणी द्यायचे, तो खाली ठेव म्हणून खूण करायचा."

सुभेदार सावधानमध्ये उभे होते. काठी गळून पडली होती, त्यांना कळलंही नव्हतं. मी ती उचलायला वाकले, कारण कुठे पाहावं ते मला सुचेना. मुलगा कागद घेऊन घरात गेला. देवाच्या फोटोशेजारी त्याच्या आज्ज्याचा फोटो होता. त्यानं तो कागद त्या फोटोच्या चौकटीत खोचला. बाहेर येऊन म्हणाला, "जेवून जा." आम्ही जेवलो. निघताना यशवंतरावांनी सुभेदारांच्या पायांकडे पाहिलं आणि बुटांचा नंबर विचारला. सुभेदारांनी सांगितला. "मनापण तोच व्हता," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर सुभेदार रडले नाहीत. चांदवडपर्यंत डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. मनातून मी त्यांना दोषही देत होते आणि त्यांची बाजूही घेत होते, आणि दोन्हींत मला माझीच सही दिसत होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी सुभेदार गेले. सकाळी ओट्यावर बसले असताना गेले. त्यांच्या तेराव्याहून आल्यावर मी संस्थेला पत्र लिहिलं. त्या तपासणीत सहा नळकांडी उसनी आणली होती, नंतर दोन नवी आली, चार अजून नाहीत, खोटी सही माझी आहे. हुकांखाली चार आकृत्या काढल्या. मुलांनी विचारलं तेव्हा सांगितलं की या वस्तू आपल्याकडे नाहीत. संस्थेनं माझ्याकडून खुलासा मागवला आहे. द्यायचा तो देईन. पण हे सगळं सुभेदारांनी पाहिलं नाही. त्यांनी माझं पाहिलं ते वेगळंच.

यशवंतरावांकडून परतलो त्या रविवारी संध्याकाळी मी त्यांना घरापाशी उतरवलं. कमलकाकूंनी आतून दिवा लावला. सुभेदार गाडीचं दार धरून वाकले आणि नेहमीसारखं विचारलं, "बाई, तुमच्या शाळेत आता काय कमी?"

दिवसभर मी जे पाहिलं होतं, त्यानंतर एवढं तरी उत्तर मला देता यायला हवं होतं. चार, एवढंच म्हणायचं होतं. पण ते इतके थकले होते, आणि मला वाटलं, आज तरी यांना बरं वाटू द्यावं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

"काही नाही, सुभेदार," मी म्हणाले. "सगळी आली. सहाच्या सहा."

ते हसले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी खिशात हात घातला, खडूचा तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला. "मग हा ठेवा तुमच्याकडं. आता मला लागायचा नाय."

मी हात पुढे केला आणि तो घेतला. ते काठी टेकत पायऱ्या चढले, आणि ओट्यावर पोरांच्या दप्तराचा एक चौकोन राहिला होता, तो ओलांडून आत गेले.